संशोधनलेख छापायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मराठी संशोधन-त्रैमासिकाच्या संपादनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि महाविद्यालयात शिकवतेही. त्यामुळे लेख पाठवणाऱ्यांचे आणि पीएच.डी. करणाऱ्यांचे असे दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडे येतात. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

केअर लिस्ट बंद झाली. आता कुठली यादी बघायची?

फेब्रुवारी २०२५ पासून हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, तेव्हा जाहीर केलं की केअर यादी, म्हणजे आयोगाने मान्य केलेल्या संशोधन-नियतकालिकांची यादी, यापुढे नाही. नियतकालिक कसं पारखावं याचे मार्गदर्शक निकष आम्ही देतो, बाकीचं तुमच्या संस्थेने ठरवावं, असं आयोगाचं म्हणणं. अनेकांना पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. मला याद्यांचं फारसं कौतुक कधीच नव्हतं.

२०१७ साली यूजीसीची 'मान्यताप्राप्त' नियतकालिकांची यादी आली. विद्यापीठांनी नावं सुचवली, ती आत गेली. दुसऱ्याच वर्षी संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शिफारशीने आत आलेली हजारेक नियतकालिकं तपासून 'करंट सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात निष्कर्ष छापला: ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट. कुणाचा धड पत्ता नाही, कुणाच्या संपादकांची नावं नाहीत, कुणाचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, चुकीचा. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात यादीतून काढली. त्यांत लेख देऊन ज्या अध्यापकांनी पदोन्नतीचे गुण मोजून ठेवले होते, त्यांची झोप उडाली.

मग जून २०१९ पासून केअर यादी लागू झाली. तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि ती आधीच्या यादीपेक्षा कितीतरी बरी होती. पण तिच्यातल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइटही निघाल्या. नाव तेच, आयएसएसएन तोच, मुखपृष्ठही तेच. बँक खातं तेवढं दुसरं.

तर उत्तर असं: आधी तुमच्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक बघा, कारण गुण शेवटी तिथेच मोजले जाणार. त्यानंतर यादीचा नाद सोडा. यादी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी कधीतरी केलेली पारख. तुमचा लेख तिथे कुणी वाचणार आहे का, हे ती सांगत नाही.

मग जर्नल खरं की खोटं, हे ओळखायचं कसं?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निमंत्रणाचा मासला बघा: 'पीअर रिव्ह्यूड मल्टिडिसिप्लिनरी जर्नल. इम्पॅक्ट फॅक्टर ८.१. कोणत्याही विषयावरील मराठी, हिंदी, इंग्रजी पेपर स्वीकारले जातील. ४८ तासांत प्रकाशन. फी १,२०० रुपये, सहलेखक असल्यास प्रत्येकी २०० जादा. प्रमाणपत्र सर्वांना स्वतंत्र. लेख व पेमेंटचा स्क्रीनशॉट याच नंबरवर पाठवावा.'

यात लपवाछपवी काहीच नाही. ४८ तासांत दोन तज्ज्ञांनी लेख वाचायचा, शेरे द्यायचे, तुम्ही दुरुस्त करायचा, मुद्रितं तपासायची, हे कुणाच्या बापाला जमणार नाही. 'कोणत्याही विषयावरील' म्हणजे तुकोबा, जीएसटी आणि मातीची आम्लता एकाच अंकात, मग ते वाचणारा हा सर्वज्ञ कोण? आणि सहलेखकामागे २०० रुपये हा तर पंगतीच्या ताटाचा हिशेब झाला.

मी दोनच गोष्टी करायला सांगते. पहिली, मागचे दोन अंक उघडा आणि तुमच्या विषयावरचा एक लेख पूर्ण वाचा. चाळू नका, वाचा. तळटीपा उघडतात का, संदर्भसूचीतली पुस्तकं खरोखर आहेत का, हे बघा. दुसरी, संपादक मंडळातलं एक नाव निवडा, त्या व्यक्तीच्या विद्यापीठाच्या पानावरून तिचा ईमेल शोधा आणि सरळ विचारा, 'आपण इथे संपादक आहात का?' माझं स्वतःचं नाव एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळात दोन वर्षं झळकत होतं. मला ते कळलं एका लेखकाने अभिनंदनाचा फोन केला तेव्हा. काढून टाकायला तीन ईमेल लागले.

'कोप' या संस्थेचं बोधचिन्ह वेबसाइटवर दिसलं तर हुरळून जाऊ नका. संपादकांची ही संस्था १९९७ पासून ब्रिटनमध्ये आहे आणि तिची प्रकाशन-नैतिकतेची मार्गदर्शक तत्त्वं आज जगभर वापरली जातात. पण चित्र काय, कुणीही चिकटवतं. कोपच्या स्वतःच्या वेबसाइटवर सदस्यांमध्ये नाव आहे का ते तपासा. मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, नियतकालिकांसाठी 'डीओएजे'ची निर्देशिकाही बघा.

खोटं किती सहज पचतं याचा दाखला २०१३ चा आहे. जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स' साप्ताहिकासाठी एक बनावट शोधनिबंध तयार केला. विषय असा की दगडफुलातून काढलेला एक रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो. (दगडफूल म्हणजे तेच, आपण गोड्या मसाल्यात टाकतो ते.) त्यात कुठल्याही जाणत्या परीक्षकाला खटकतील अशा चुका मुद्दाम पेरलेल्या होत्या. ३०४ नियतकालिकांना तो पाठवला, १५७ जणांनी स्वीकारला. त्यांत भारतातूनही बरीच होती.

पैसे मागितले म्हणजे ते फसवंच का?

नाही. मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकाला वाचकाकडून वर्गणी मिळत नाही, म्हणून काही चांगली नियतकालिकं लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून शुल्क घेतात. बघायचं ते एवढंच, की शुल्काचा आकडा आधीपासून उघड लिहिला आहे का, ते लेख स्वीकारल्यानंतर घेतात का, आणि लेखावर निर्णय देणाऱ्याचा त्या पैशाशी संबंध आहे का. लेखाआधी स्क्रीनशॉट मागतात, तिथे प्रश्नच मिटला.

आपल्याकडे याच्या उलट परंपराही आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचं 'नवभारत' किंवा मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' वर्गणीदारांच्या आणि बिनपगारी संपादकांच्या जिवावर उभं राहिलं. अशा ठिकाणी उत्तराला सहा महिने लागतात म्हणून लोक वैतागतात. पण ते सहा महिने लेख कुणाच्या तरी टेबलावर असतो.

आणि हा धंदा किती मोठा होऊ शकतो? हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला. परीक्षण होतं असं खोटं सांगणं, शुल्क आधी न सांगणं, नामवंतांची नावं न विचारता वापरणं असे आरोप होते. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

पण आयएसएसएन आहे ना! आणि इम्पॅक्ट फॅक्टरही?

आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे. गाडीच्या नंबरप्लेटसारखा, त्यावरून गाडीचे ब्रेक चांगले आहेत का ते कळत नाही. तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो, दर्जा तपासून नाही. चर्चासत्रातले लेख पुस्तकरूपात काढून 'आयएसबीएन आहे' असं सांगतात, तेही त्यातलंच; तो पुस्तकाचा ओळख क्रमांक.

इम्पॅक्ट फॅक्टर 'क्लॅरिव्हेट' कंपनी दरवर्षी काढते. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे त्या वर्षी सरासरी किती उल्लेख झाले, एवढंच तो सांगतो. 'ग्लोबल', 'सायंटिफिक', 'युनिव्हर्सल' अशी विशेषणं लावलेले आकडे बहुधा विकतचे असतात.

साम्य किती टक्के चालतं?

साम्य म्हणजे दुसऱ्याच्या लेखनाशी जुळणारा, सॉफ्टवेअरने शोधलेला मजकूर. यूजीसीचे वाङ्मयचौर्यविरोधी नियम जुलै २०१८ मध्ये आले. त्यानुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, शिक्षा नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के आढळलं तर ठरावीक मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अध्यापकांच्या छापील लेखांसाठी वेगळा मार आहे: लेख मागे घेणं, वेतनवाढ थांबणं, काही वर्षं नवे विद्यार्थी न मिळणं. संदर्भासह दिलेली अवतरणं, सूची, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजत नाहीत.

नियम झाला. आता माझं मत. टक्का हा ताप मोजण्यासारखा आहे, निदान नव्हे. संतसाहित्यावरचा एक लेख आमच्याकडे ३१ टक्के साम्य घेऊन आला. लेखक घाबरून म्हणाले, 'अर्धे अभंग काढून टाकतो.' उघडून पाहिलं तर जुळत होते ते अभंगच! तुकोबा सगळ्यांचे सारखेच असणार. गाथेतला क्रमांक देऊन अभंग अवतरणात टाकले, काम झालं.

याच्या उलटही घडतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर संगणकाच्या आतून रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असतो. सॉफ्टवेअरला त्यात काही सापडत नाही आणि अहवाल शून्य टक्के दाखवतो. असा एक 'शून्य टक्के' लेख आमच्या परीक्षकांनी दुसऱ्याच पानावर ओळखला, कारण मूळ परिच्छेद त्यांनीच लिहिला होता. मूळातली छापण्याची चूकसुद्धा तशीच उतरली होती.

इंग्रजी लेखाच्या आधारे मराठीत लिहिलं तर ती चोरी कशी?

'आधारे' या शब्दात सगळं दडलंय. पाच-सहा लेख वाचले, पचवले, आपला मुद्दा मांडला आणि प्रत्येक ठिकाणी कुणाचं काय ते सांगितलं, तर ते संशोधन. एकच लेख समोर ठेवून परिच्छेदामागून परिच्छेद मराठीत उतरवला आणि शेवटी सूचीत त्याचं नाव दहाव्या क्रमांकावर घातलं, तर ते संदर्भ न देता केलेलं भाषांतर. साम्य तपासणारी यंत्रं एरवी हे पकडत नाहीत, कारण शब्द एकही जुळत नाही. रचना मात्र जुळते. मुद्द्यांचा क्रम तोच, उदाहरणं तीच, अगदी कंसातलं विषयांतरही तिथेच. मराठीत ज्ञान आणण्याच्या नावाखाली हे फार वर्षं चालत आलंय, आणि आपण त्याकडे कौतुकाने पाहत आलोय, हे कबूल करायला हवं.

भाषांतर करायचं तर उजळ माथ्याने करा. लेखकाची आणि प्रकाशकाची परवानगी घ्या, 'अनुवाद' म्हणून छापा. चांगल्या अनुवादाला आमच्या त्रैमासिकात स्वतंत्र जागा आहे आणि ती बहुतेक वेळा रिकामी असते.

माझाच जुना लेख पुन्हा वापरला तर?

वापरा, पण सांगून. दिवाळी अंकातला लेख वाढवून संशोधनलेख केला असेल तर पहिल्याच तळटीपेत तसं लिहा. संपादक ठरवेल. एकाच सर्वेक्षणाचे चार तुकडे करून चार ठिकाणी चार पेपर, हे मात्र नको. वाचकाला वाटतं की चार अभ्यासांतून तेच निघालं, प्रत्यक्षात गाव एक आणि प्रश्नावलीही एकच.

एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवला तर काय बिघडतं?

दोन्हीकडे परीक्षक फुकट राबतात. मग एकीकडून होकार आला की दुसरीकडे 'कृपया विचार करू नये' अशी एक ओळ जाते. उशीर होत असेल तर आधी लेखी माघार घ्या, मग दुसरीकडे पाठवा.

गाइडचं नाव लेखक म्हणून घालावंच लागतं का?

सगळ्यात दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, आयसीएमजेईने, चार अटी सांगितल्या आहेत: संकल्पनेत, माहिती जमवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या मुद्देसूद दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि छापलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. गाइडने विषय घडवला असेल, मसुदे तीनदा तपासून लाल केले असतील, तर त्यांचं नाव हक्काचं आहे. फक्त खुर्चीमुळे विभागप्रमुखांचं, प्राचार्यांचं किंवा पदोन्नती अडलेल्या मित्राचं नाव घालणं ही खिरापत. आणि पैसे देऊन तयार लेखात नाव घुसवणं हा तर सरळ व्यवहार झाला.

विद्यार्थी म्हणतात, 'मॅडम, सरांना नाही कसं म्हणू?' खरंय, सोपं नाही. मी एक वाट सुचवते. लेख सुरू करण्याआधीच एक साधा ईमेल लिहा: 'सर, या लेखात माहिती-संकलन आणि लेखन माझं असेल, सांख्यिकी आपण पाहणार आहात, लेखकांचा क्रम असा ठेवू का?' विनम्र आहे, लेखी आहे आणि पुढे उपयोगी पडतं. दबाव फारच झाला तर त्यांना ऋणनिर्देशात मानाने बसवा.

परीक्षक नेमकं काय करतो? आणि तो माझा शत्रू निघाला तर?

परीक्षक म्हणजे लेख छापण्याआधी वाचून शेरे देणारा त्या विषयाचा तज्ज्ञ. बहुतेक मराठी नियतकालिकांत लेखक आणि परीक्षक दोघांचीही नावं एकमेकांपासून झाकलेली असतात. पण आपलं विश्व छोटं आहे. विदर्भातल्या एखाद्या बोलीवर काम करणारी माणसं मोजकीच, नाव झाकलं तरी शैली बोलते. म्हणून परीक्षकाने स्वतःहून सांगायचं असतं: हे माझे विद्यार्थी आहेत, किंवा आमचं जमत नाही, माझ्याकडे पाठवू नका. लेखकही पत्रात लिहू शकतो की अमुक व्यक्तीकडे लेख जाऊ नये, कारण असं असं.

परीक्षकाचं नाव लेखकाने सुचवण्याची पद्धतही नासली. खोटे ईमेल पत्ते तयार करून लेखक स्वतःच स्वतःचं परीक्षण करतात, हे उघड झालं आणि २०१४ मध्ये 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल'ला ६० लेख मागे घ्यावे लागले.

चॅटजीपीटी वापरलं तर चालतं का?

कोपने २०२३ मध्ये स्पष्ट केलं: असं साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. कुठे आणि कसं वापरलं ते लेखात सांगायचं, आणि चुकीची जबाबदारी तुमची. आमच्याकडे हल्ली येणाऱ्या लेखांत दोन खुणा दिसतात. एक, अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे बिनचूक दिसणारे संदर्भ. दुसरी, यंत्राने केलेलं मराठी. समाजशास्त्रातल्या एका लेखात 'शेतातील काम करताना संशोधकास अडचणी आल्या' असं तीनदा आलं. संशोधक ठाण्याच्या चाळींत फिरला होता. मूळ शब्द फील्डवर्क!

परीक्षकांनाही सांगते, दुसऱ्याचा अप्रकाशित लेख अशा साधनात टाकून 'शेरे लिहून दे' म्हणू नका. तो लेख तुमच्याकडे विश्वासाने आलेला असतो.

गावात मुलाखती घेतल्या. नावं द्यायची का?

ज्याने बोलायचं त्याला विचारून. माणसांवरच्या आरोग्य-संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी आहेत. मानव्यविद्यांत आपण याबाबत ढिसाळ आहोत. नाव बदलायचं आणि पुढे 'या गावच्या एकमेव महिला सरपंच' असं लिहायचं, याला काय अर्थ?

पण दरवेळी नाव झाकणं हाच सभ्यपणा नव्हे. संशोधक गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आज 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह. तिथे नाव गाळलं असतं तर तो अन्याय झाला असता. ओवी रचणारी ती, आणि पदवी आपल्याला.

छापल्यावर चूक सापडली तर? लेख मागे घेतला की बदनामी होते ना?

किरकोळ चूक असेल तर शुद्धिपत्र. निष्कर्षच कोसळत असेल तर लेख मागे घ्यायचा. मागे घेतलेला लेख पुसून टाकत नाहीत, त्यावर ठळक नोंद लावून तो तिथेच ठेवतात. अँड्र्यू वेकफिल्डचा लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये छापला. अवघी बारा मुलं होती त्या अभ्यासात. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. तोवर जे नुकसान व्हायचं ते झालं.

दुसरीकडे फ्रान्सिस अरनॉल्ड यांचं बघा. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या या बाईंनी २०२० च्या पहिल्याच आठवड्यात जाहीर सांगितलं की 'सायन्स'मधला आमचा लेख मागे घेतेय, प्रयोग पुन्हा केला तर निष्कर्ष येत नाहीत, आणि मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही, माफ करा. लोकांचा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

पीएच.डी.साठी पेपर छापणं सक्तीचं आहे का?

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती पाळावी लागेल. परिपत्रक मिळवा, कॅन्टीनमधल्या माहितीवर जाऊ नका. संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम मात्र करावाच लागतो.

माझा लेख आधीच अशा फसव्या जर्नलमध्ये छापून गेलाय. आता काय?

लाजू नका, बरीच भली माणसं फसली आहेत. लेखी कळवा की लेख मागे घेत आहे, आणि त्या ईमेलची प्रत जपून ठेवा. 'माघारीचं शुल्क' मागतील, ते देऊ नका. तुम्ही कशावर सही केली होती ते शोधा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाही. सही केलीच असेल आणि मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. नव्या संपादकाला लेख पाठवताना हे सगळं पहिल्याच पत्रात सांगा.

आमच्याकडे असं एक पत्र आलं होतं, अडीच पानी, पावतीच्या झेरॉक्ससकट. लेख आम्ही परीक्षकांकडे पाठवला. त्यांनी चौदा शेरे देऊन परत केला. लेखिकेचा फोन आला, मला वाटलं रागावल्या असतील. त्या म्हणाल्या, 'सातवा शेरा मला कळला नाही, पण तिसरा अगदी बरोबर आहे.' तिसऱ्या शेऱ्यावर आम्ही मग पाऊण तास बोललो.